दौलतराव गव्याचे उत्तम ठोके

एका जंगलात, मुलांनो, नेटवर्क फार चांगलं होतं. पाणी कमी होतं, पण नेटवर्क चांगलं होतं.

तिथं दौलतराव नावाचा एक दांडगा गवा राहायचा. अंगानं दांडगा, पण हृदय थकलेलं. जरा चाललं की धाप लागायची. अंगात पाणी साठून पाय सुजायचे.

डॉक्टर करकोच्यांनी त्यांच्या पायात एक पट्टा बांधला. तो हृदयाचे ठोके मोजायचा, अंगात साठलेलं पाणी ओळखायचा आणि सगळं डॉक्टरांच्या मोबाईलवर कळवायचा.

"आणि मीठ बंद," डॉक्टर म्हणाले.

आता मुलांनो, गव्याला खारी माती चाटायची भारी हौस. दौलतराव चोरून चाटून आले की पट्टा कळवायचा आणि डॉक्टरांचा फोन यायचा.

"हा पट्टा चहाडखोर आहे," ते बायकोला म्हणाले.

"मग चहाडी होईल असं वागू नका," जनाबाई म्हणाल्या.

दौलतरावांनी शेजारच्या हरबा चितळाला गाठलं. "हरबा, हे घालून हिंड जरा. तुझ्या पायाला शोभेल."

हरबाला पट्टा आवडला.

डॉक्टर खूश झाले. "कमाल आहे, दौलतराव. आज टेकडी चढून आलात?"

"आलो की," दौलतराव फोनवर म्हणाले आणि पुन्हा माती चाटू लागले.

डॉक्टरांनी 'आदर्श रुग्ण' म्हणून त्यांचा सत्कार ठेवला. सगळं जंगल जमलं. दौलतराव कसेबसे शिळेवर चढले.

"पथ्य... हेच... औषध," ते धापा टाकत म्हणाले. टाळ्या पडल्या. मग दौलतरावही पडले.

डॉक्टरांनी मोबाईल पाहिला. "काळजी नको. ठोके उत्तम आहेत."

"ते हरबाचे ठोके आहेत, डॉक्टर," जनाबाई हळूच त्यांच्या कानात म्हणाल्या. "माझा नवरा इथं खाली पडलाय. त्याचे पाय तरी बघा."

डॉक्टर पहिल्यांदाच खाली वाकले. पाय भोपळ्यासारखे झाले होते. धावाधाव झाली, सुया टोचल्या, आणि दौलतराव वाचले.

भेटायला प्राणी आले. "झालं काय एवढं?" त्यांनी विचारलं.

"पट्ट्यानं घात केला," दौलतराव म्हणाले. "मी मरायला टेकलो, तरी हा आपला 'उत्तम, उत्तम' सांगतोय. यंत्रांचं काही खरं नाही."

जनाबाईंनी तोंड उघडलं. पण आजारी माणसाला चारचौघांत काय बोलायचं, म्हणून मिटलं. हरबा तर आधीपासूनच जमिनीकडे बघत होता.

तिथं म्हातारं साळिंदर बसलं होतं. त्याचंही हृदय थकलेलं, पायात तसाच पट्टा. मागं एकदा पट्ट्यानं वेळेवर कळवलं म्हणूनच ते जगलं होतं. पण दौलतराव पडले अनुभवी. साळिंदरानं घरी जाताना पट्टा नदीत टाकला.

महिनाभरात ते गेलं.

सांत्वनाला सगळ्यांत आधी दौलतराव गेले. "काय करणार, वहिनी," ते म्हणाले, "हृदयाचं काही सांगता येत नाही."

तात्पर्य: पथ्य शेजाऱ्याकडून पाळून घ्यावं. बिघडलंच, तर दोष द्यायला यंत्र असतं.