नमुन्यादाखल एक कटला

विट्याच्या पूर्वेला म्हसोबाचा तलाव आहे. त्यातले मासे कमी झाले होते, ही गोष्ट सर्वमान्य होती. पूर्वी जो कटला दोन हातांनी उचलावा लागे, तो आता चिमटीत मावू लागला होता. तेव्हा शासनाच्या मत्स्यधन पुनर्भरण कक्षाने आदेश काढला. मासे अंडी घालतात त्या पावसाळी दोन महिन्यांत तलावात कोणी जाळे टाकू नये, टाकल्यास जाळे जप्त व्हावे, आणि बंदीकाळात पकडलेला प्रत्येक मासा तत्काळ पाण्यात परत सोडावा. आदेश शहाणपणाचा होता. त्यामुळे तो पाळवून घ्यायला माणूस शोधावा लागला.

सापडला तो मानसिंग. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, घरी रिकामा बसलेला आणि मासे म्हटले की जीव टाकणारा. कक्षाने त्याला मानद मत्स्यरक्षक नेमले, एक टोपी आणि एक शिट्टी दिली. मानसिंगने त्याच दिवशी मासे खाणे सोडले आणि बालमित्र भाऊसोचे जाळे जप्त केले.

भाऊसोने मेंढरे विकून ते जाळे घेतले होते. तो मासे धरायचा आणि त्याची बायको भामाबाई ते विट्याच्या बाजारात विकायची.

“मान्या, माजंच जाळं?”

“गावात जाळं एकच हाय. दुसऱ्या कुनाचं जप्त करू?”

“आन् दोन म्हयनं आमी खायाचं काय?”

“तुज्याच माशांसाठी हाय रं हे. घालू दे त्यास्नी अंडी. म्होरल्या साली जाळं वढवायचं न्हाई तुला.”

भाऊसोला ते पटले. माशांची पिल्ले उचलून पोट भरत नाही, हे तोही सांगत आला होता. जाळे देऊन तो दुसऱ्याच्या उसात तण भांगलायला गेला.

आठवड्याने कक्षाचे निरीक्षक मोहिते आले. बंदीमुळे मासे वाढताहेत का, हे पाहणे त्यांचे कर्तव्य होते. त्यासाठी नमुना हवा होता, नमुन्यासाठी जाळे हवे होते, आणि जाळे टाकण्यासाठी भाऊसो हवा होता.

“बंदी हाय की सायब,” भाऊसो म्हणाला.

“बंदी मासेमारीला आहे. हे नमुना संकलन आहे.”

तळाशी दडून वाचलेला एक चांगला हातभर कटला लागला. तो प्रयोगशाळेत पाठवायचा, तर बर्फाला मंजुरी नव्हती. मोहित्यांनी आभाळाकडे पाहिले, मग तलावाला लागूनच असलेल्या मानसिंगच्या स्वयंपाकघराकडे पाहिले. “नाशवंत नमुना स्थानिक पातळीवर नष्ट करावा, अशी तरतूद आहे. वहिनी, तिखट जरा बेतानं.”

मानसिंगच्या बायकोने, संयोगिताने, नमुना रस्सा करून नष्ट करायला दिला. सोबत बाजरीची भाकरी दिली. “नमुना समाधानकारक,” असा शेरा मोहित्यांनी बोटे चाटत दिला.

आषाढ चालू होता. पुढे श्रावण लागणार, मग महिनाभर तोंडाला कुलूप. त्यामुळे तपासणीला उशीर करून चालणार नव्हते. पाण्याचं खातं आलं, कारण मासे पाण्यात होते. जमिनीचं खातं आलं, कारण पाणी जमिनीवर होतं. रस्त्याचं खातं आलं, कारण बाकीची खाती त्याच रस्त्यानं आली होती. ‘खातं’ हे नाम आहे की क्रियापद, अशी शंका मानसिंगला त्या दिवसांत प्रथम आली.

मग नमुन्याचे निकष कडक झाले. लहान मासा प्रातिनिधिक धरता येत नाही, म्हणून मोठाच हवा. आणि मासे निर्धास्तपणे अंडी घालताहेत याचा पुरावा म्हणून, पोटात अंडी असलेली मादीच हवी.

“बंदी नव्हती तवाबी मी एवढं मासं धरलं न्हवतं,” भाऊसो घाम पुसत म्हणायचा.

संयोगिता चुलीपुढून विचारायची, “आवं, ही बंदी कवा उठायची? वाटण वाटून माजं हात गेलं.”

एके दिवशी जाळ्यात नुसते शेवाळ आले. मोहिते गंभीर झाले.

“मासे घटलेत. इथं चोरटी मासेमारी चालू आहे.” त्यांनी भाऊसोकडे पाहिले. “बंदी आणखी एक वर्ष वाढवावी लागेल.”

“पर सायब, माजं जाळं तर तुमच्याच ताब्यात हाय!”

“तेच तर संशयास्पद आहे. जाळं नसताना इतके मासे गेले कुठं?”

आषाढातल्या शेवटच्या रविवारी सगळ्या खात्यांनी संयुक्त तपासणी करून निर्णय घ्यायचे ठरले. भाऊसो तलावाच्या बांधावर जाऊन बसला. मानसिंग शेजारी येऊन बसला. निघताना भाऊसो एवढेच म्हणाला, “मेंढरंच बरी हुती गड्या. त्यांची तपासनी कोन करत न्हवतं.”

त्या रात्री मानसिंगने आदेशाचा कागद पुन्हा काढून वाचला.

रविवारी तलाव पुरता ढवळल्यावर तळातले उरलेसुरले मासे नमुना म्हणून निघाले. मानसिंगच्या अंगणात पंगत बसली, रश्श्याचे पातेले फिरले. पहिला घास उचलणार, तेवढ्यात जोरदार शिट्टी वाजली. टोपी घालून मानसिंग पंगतीच्या मधोमध उभा होता.

“सावधान! घास खाली! बंदीच्या काळात धरल्याला मासा तत्काळ पान्यात सोडायचा. आदेश हाय.”

“अहो सुभेदार, पण तो शिजलाय!” मोहिते म्हणाले.

“आदेशात ‘जित्ता’ असं कुठं हाय, सायब?”

मोहिते विचारात पडले. आदेशाचा मसुदा त्यांनीच केला होता. ‘जिवंत’ हा शब्द खरोखरच राहून गेला होता. शिवाय कुंपणाबाहेर अर्धा गाव मोबाइल उंचावून उभा होता.

मानसिंग आणि भाऊसोने पातेले उचलले. ताटातलाही मासाच असल्यामुळे सगळी खाती आपापले ताट घेऊन मागून निघाली. तलावाच्या काठी ओळीने उभे राहून त्यांनी कटला, रोहू आणि त्यांची अंडी मसाल्यासकट पाण्यात परत सोडली. एका साहेबांनी एक तुकडा गालात दाबून धरला होता. मानसिंगने तोही सोडायला लावला. संयोगिता हसून हसून उंबऱ्यावरच बसली.

त्यानंतर कुणी फिरकले नाही. बंदी वाढवायची तर पुन्हा संयुक्त तपासणी करावी लागणार होती, आणि तिला एकही खाते तयार होईना. मुदत संपताच बंदी उठली. जाळे परत मिळाले, तरी भाऊसोने शहाणपणाने दिवाळीपर्यंत ते पाण्यात टाकले नाही. जाळे चुकवून शेवाळात राहिलेल्या चार माद्यांनी आपले काम केले. उन्हाळ्यात जाळे ओढायला भाऊसोला दुसरा गडी लावावा लागला, आणि भामाबाई बाजारातून दुपारच्या आतच रिकाम्या पाटीने परतू लागली. मत्स्यधन वाढल्याचे श्रेय कक्षाने घेतले. मानसिंग म्हणाला, घेऊ द्या.

रश्श्याची हकीकत मात्र छापून आली. पुढच्या आषाढात, त्या सालची बंदी चालू असताना, साताऱ्याकडून एक गाडी आली. सुशिक्षित कुटुंब होते. गृहस्थांनी मानसिंगचा हात हातात घेतला. “तुमची गोष्ट वाचली. पोट धरून हसलो! काय एकेक अधिकारी असतात!” त्यांनी मुलांना बंदीचा फलक मोठ्याने वाचायला लावला. आपल्या लोकांना शिस्त कशी नाही, यावर ते बराच वेळ बोलले. मानसिंगने चहा मागवला.

निघताना गृहस्थांनी त्याचा दंड धरून त्याला गाडीआड नेले. इकडेतिकडे पाहिले.

“सुभेदार, त्या अधिकाऱ्यांचं सोडा. आम्ही काही रोज येणारे नाही. घरच्यापुरता एखादा…?”

मानसिंगने त्यांना गाडीत बसवले आणि बाहेरून दार लावून दिले.

गाडीचा नंबर त्याने पाहिला नाही. त्यामुळे ती तुमची नव्हती, असे म्हणायला जागा आहे.