शाळेचा कोसा

बुड्, बुड्, बुड्. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, सकाळी पाय धुताना चुलीकडून हा आवाज आला, तेव्हा मला वाटलं, वरण शिजतंय. (इतकी वर्षं झाली, अजून वरणाला उकळी फुटली की मी अंगणात जाऊन बसतो.)

साल असेल चोपन्न. सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात मी गुरुजी होतो. तेव्हा सातवी शिकलेला माणूस गुरुजी व्हायचा. आज मला घंटा वाजवायलाही ठेवणार नाहीत. मुलांना मी निसर्गवही लावली होती. रोज काहीतरी बघायचं, लिहायचं. कमळा नावाची मुलगी एरवी पाटीवर ओळभरही लिहीत नसे. तिने बांधावरच्या ऐनाच्या झाडावरून कोसा आणला. रेशमी धाग्याचं ते अंड्याएवढं घर, आत अळीचं पाखरू होत असतं. त्याच्यापायी ती रोज पान भरू लागली.

"पाखरू कवा निंगन जी?"

"पोळा होऊ दे," मी म्हणालो.

सुट्टीत शाळेतले उंदीर कोसा कुरतडतील म्हणून मी तो घरी नेला, चुलीजवळच्या फळीवर ठेवला. बायकोला, शकुबाईला, सांगणारच होतो. पण मी बोलायला सावकाश. वाक्य जुळेपर्यंत पोळ्याचे बैल दारात आले आणि ती ओवाळायला बाहेर गेली.

शकुबाईचं माहेर कोसा कातणाऱ्यांचं. पाखरू कोसा फोडून निघालं तर धागा तुटतो, म्हणून ते लोक कोसे आधीच उकळतात. माहेरून आणलेले कोसे तिच्याकडेही होतेच. सकाळी बघतो तर फळी रिकामी.

"इथला कोसा कुठी गेला?"

"शिजून राह्यला."

"काऊन शिजवला?"

"मंग काय कच्चा कातू?"

"अवं, त्यात पाखरू होतं!"

"सगळ्याईतच राह्यते जी. तुमाले आज समजलं?"

शाळा उघडली. कमळा सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसलेली. खरं सांगायचं ठरवूनच मी निघालो होतो. तिचं तोंड पाहिलं आणि म्हणालो, "पाखरू उडून गेलं."

"कोन्त्या रंगाचं होतं?"

"पिवळं."

"मंग भोक पडलेला कोसा द्या. मले चित्र काढाचं हाय."

"ते... कोसा घेऊनच उडालं."

एव्हाना बाकीची पोरंही जमली होती. मागून झिंगू नावाचा पोरगा म्हणाला, "घर घिऊन गेलं, गुरुजी?"

एवढ्यात दारात शकुबाई, हातात धाग्याची लडी. "तुमच्या शाळेचा कोसा याच्यातच हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "बाकीच्याईसंगं कातला. आता त्याचा धागा कोन्ता, थे काई सांगता येत नाई."

मान खाली घालून मी सगळं खरं सांगितलं. सावकाश सांगितलं; माझं सांगून होईपर्यंत मधली सुट्टी झाली. कमळा रडली नाही. तेच मला जड गेलं.

त्यानंतर ती वहीला शिवली नाही. मग एका सकाळी ओंजळ धरून आली. ओंजळीत नवा कोसा, चांगला वजनदार. मला इतका आनंद झाला, की जन्मात पहिल्यांदा भराभर बोललो: "आण बाई, आण! शाळेत उंदीर आहेत. माझ्या घरी जपून ठेवतो!"

कमळानं माझ्याकडे पाहिलं. कोसा परकराच्या ओच्यात गुंडाळला, आणि आपल्या घराकडे चालू लागली.