हजारावा किलोमीटर

गाडी जितका धूर सोडेल तितका कर, आणि आपल्या एकतीस वर्षांच्या गाडीला तो सगळ्यात जबर बसणार, हे कळल्यावर निवृत्त मोजणीदारांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एक दमडीही देणार नाही, असं बायकोला सांगून टाकलं. तेही शांतपणे. त्यांचा राग परवडायचा, शांतपणा घराला महाग पडायचा.

नियमांचं पुस्तक त्यांनी पळवाट सापडेपर्यंत वाचलं. वर्षाला हजार किलोमीटरच्या आत चालणाऱ्या गाडीला कर माफ होता. वर्षाच्या पहिल्या दिवशी कार्यालय मीटर शून्यावर आणून देणार, शेवटच्या दिवशी गाडी तिथे नेऊन ते तेवढं दाखवायचं. आयुष्यभर लोकांच्या जमिनी वीतभरही न चुकता मोजलेल्या माणसाला हा डाव्या हातचा मळ होता. पुढची पानं त्यांनी उघडलीच नाहीत.

मग घराचे हाल सुरू झाले. बाजार पायी, दवाखाना पायी. मेहुणीकडे जाताना गाडी अर्ध्या वाटेत लावायची आणि उरलेली तंगडतोड करायची. एकदा तर उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली. धूर नाही म्हणजे किलोमीटर नाही, असं त्यांचं म्हणणं. मीटरला ते पटलं नाही. बायकोने वर्षात चपलांचे दोन जोड झिजवले आणि तिसऱ्याचं बिल मुद्दाम मीटरला चिकटवून ठेवलं.

शेवटच्या दिवशी चार किलोमीटर शिल्लक होते आणि कार्यालय पावणेचारावर होतं, साखळीने मोजलेलं. गाडी तिथेच ठेवून दोघांनी पायी परतायचं, हेही ठरलं होतं, म्हणून बायको शेजारी बसली होती. पण नळासाठी रस्ता खणलेला निघाला आणि वळसा पडला. कार्यालयाचं फाटक शंभर पावलांवर दिसत असताना मीटरचा शेवटचा आकडा फिरायला लागला. मोजणीदारांनी भर रस्त्यात गाडी बंद केली.

मागच्या ट्रकवाल्याने उतरून विचारलं, "ढकलू का?"

"ढकललं तरी मीटर फिरतं. साहेबांना इथे बोलवा."

मागे गाड्यांची रांग लागली आणि मोजणीदारांनी वर्षभर वाचवलेला धूर त्या गाड्यांनी दहा मिनिटांत सोडला. अखेर कार्यालयातली कारकून बाई फाईल घेऊन आली. मीटरकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. हजार किलोमीटरची सवलत तीस वर्षांच्या आतल्या गाड्यांना होती. त्याहून जुन्या गाड्यांना कर तसाच माफ होता, फक्त एक सही लागायची.

मोजणीदारांनी चष्मा चढवून अर्ज वाचला. 'जुनाट वाहन. वापरास अयोग्य. केवळ प्रदर्शनासाठी.'

"वापरास अयोग्य कुणी ठरवलं?"

"छापीलच आहे काका. सही केलीत की एक पैसाही भरायला नको."

"आणि नाही केली तर?"

"तर पूर्ण कर."

"भरतो," मोजणीदार म्हणाले.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. वर्षभराची पायपीट पाण्यात गेली होती. तिने चिडायला हवं होतं. पण कित्येक वर्षांत नवरा तिला इतका आवडला नव्हता. तिने पर्स उघडली.

"अर्धे माझे. या घरात मलाही एकतीस वर्षं झालीत. उद्या माझ्यासाठीही असला अर्ज निघेल."

पावती घेऊन दोघं गाडीत बसले. इंजिन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. मीटरचा आकडा हजारावर सरकला आणि मोजणीदारांनी सवयीने दात आवळले.

"घरीच ना?"

"घरी कशाला?" बायको काच खाली करत म्हणाली. "पैसे मोजलेत. आता काढा धूर."