आधी कोपर, मग काया

आमच्या शेजारच्या नानांना भेटायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जावं. अर्ध्या बाहीचा माणूस दिसला की नाना त्याचा हात हातात घेतात, पण हलवत नाहीत. तो उलटा करतात, कोपराच्या आतल्या बाजूची कातडी बोटानं चोळून बघतात आणि खिशातल्या डबीतलं काहीतरी हिरवं, पिवळं किंवा मातकट तिथं फासतात. "उद्या सांगा," म्हणतात. "लाल झालं नाय तर औषध तुमचं. लाल झालं तर नशीब तुमचं." मागं एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस मीटर न बघताच पळाला, आणि त्या महिन्याचं बिल अख्ख्या गल्लीला अंदाजानं आलं.

नाना मूळचे पिशोरचे. जन्मभर एसटी चालवली, रिटायर झाल्यावर पडेगावला आमच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्या बांधल्या. मुलगा पुण्यात. इथं नाना आणि गयाकाकी, आणि तेलाच्या डब्यांत लावलेली कोरफडीची पलटण.

माणसाला म्हातारपणी देवाचा, राजकारणाचा नाहीतर गुडघ्यांचा नाद लागतो. नानांना कातडीचा लागला. त्याला कारण आहे. "दोन हात स्टेअरिंगवर, म्होरं घाट, मागं साठ पाशिंजर, आन् पाठीच्या मधोमध खाज," नाना सांगतात. "सांगा प्रकाशभाऊ, मानसानं काय करावं? घाटात स्टेअरिंग तर सोडता येत नाय!" त्या खाजेचा सूड ते आता उगवत होते.

व्हरांड्यातच त्यांचा दवाखाना. वाळवलेला कडुलिंबाचा पाला, मुलतानी माती, आंबेहळद, खोबरेल, आणि अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या तर चोळायला आमसुलाचं पाणी. माल येतो खुलताबादहून, शकीलभाईंच्या जडीबुटीच्या दुकानातून. शकीलभाई एकदा आमच्यासमोरच त्यांना म्हणाले, "नाना, आता असं करू. दुकान तुम्ही सांभाळा, मरीज मी होतो. बदलून तर बघू."

या शास्त्राचा पहिला बळी मी. माझ्या मानेवर काळसर डाग आले होते. नानांनी अर्धं लिंबू त्यावर खसाखसा चोळलं आणि मला तसंच ऑफिसला धाडलं. मे महिना. पडेगावहून क्रांती चौकापर्यंत स्कूटरवर, मान उन्हात. दुसऱ्या दिवशी मानेवर फोड, आठवड्यानं डाग दुप्पट काळे. ऑफिसात तीन आठवडे मला लोक विचारत होते, इस्त्री पडली का म्हणून. नाना मात्र खरंच हादरले. दोन दिवस जेवले नाहीत, असं काकींनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "लिंबू पोह्यावर. अंगावर नाय." आणि तेव्हापासून त्यांचं ब्रीदवाक्य झालं, "आधी कोपर, मग काया." कुठलंही औषध आधी कोपराच्या आत लावून बघायचं, दिवस-दोन दिवस थांबायचं, मगच अंगाला. शुभांगी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "पहिल्यांदाच काहीतरी शहाण्यासारखं बोलले, पण त्याला तुमची मान लागली."

त्यांचा सगळ्यात मोठा वैरी गाजरगवत. त्यानं अंगाला खाज सुटते, हे अगदी खरं. पण नाना त्या गवताला दरोडेखोर समजतात. सकाळी तोंडाला पंचा गुंडाळून, दोन्ही हातांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून रिकामे प्लॉट साफ करत हिंडतात. नवा माणूस घाबरून गेट लावून घेतो.

आणि मग गेल्या हिवाळ्यात खुद्द नानांनाच खाज सुटली.

साधीसुधी नाही. मान, काखा, कंबर, जिथं कपडा घासतो तिथं सगळं लालभडक. नाना उभ्या उभ्या दाराच्या चौकटीला पाठ घासायचे, म्हशीनं बाभळीला घासावी तशी. सगळे उपाय झाले. कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली, कोरफडीचा गर झाला, वांगं बंद, अंडं बंद, शेंगदाणे बंद. आमच्या घरची उदबत्ती बंद. समोरच्यांची कबुतरं हाकलली. खाज ढिम्म. गल्लीत हसायला निमित्तच मिळालं. "ज्यानं गावाची खाज मोडली, त्याची सोताची मोडंना," असं नाना स्वतःच म्हणायचे आणि खाजवायचे.

"डॉक्टरला दाखवा," मी म्हणायचो.

"दाखवू की. घाई काय," म्हणायचे. घाट उतरतानाही हा माणूस इतका हळू नसेल.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात यायला लागली. नाना विसरायला लागले होते.

एकदा त्यांच्या घरातून करपल्याचा वास आला म्हणून मी धावलो. दुधाचं भांडं कोळसा झालेलं, काकी भिंतीला टेकून उभ्या. नाना म्हणाले, "म्याच ठिवलं व्हतं. इसरलो." मग घराच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. "म्याच ठिवल्या. चोराला वाटंल का, तांदळात किल्ल्या असत्याल म्हनून?" एका सकाळी काकी साखर मागायला आल्या, नेली, आणि चहा व्हायच्या आत परत साखर मागायला आल्या. पाठोपाठ नाना धावत आले. "म्याच धाडलं तिला पुन्यांदा. साखर आल्याली ध्यानातच नाय ऱ्हायलं."

शुभांगीच्या भिशीत कुणी एक डॉक्टरबाई विसरण्याच्या याच विषयावर बोलून गेल्या होत्या. ती मला घरी समजावत होती. "किल्ली हरवणं वेगळं. ती तर तुम्ही रोज हरवता. पण किल्ली हातात असून हिचं काय करायचं हे न सुचणं वेगळं. तेच तेच विचारणं, वस्तू भलत्याच जागी ठेवणं, रोजच्या कामातली एखादी पायरीच गाळणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, एकदम चिडणं, नाहीतर गप्प गप्प राहणं. असं दिसलं की वय झालं म्हणून सोडून द्यायचं नसतं. दाखवायचं असतं. कधी कधी साध्या कारणानंसुद्धा होतं, थायरॉईड, जीवनसत्त्वं कमी, आणि ते बरं होतं."

"म्हणजे नाना..."

"लक्षणं तर तीच आहेत," ती म्हणाली. "बिचाऱ्या काकी. किती गप्प झाल्यात बघा."

नानांना 'तुमचं डोकं दाखवायला चला' म्हणण्याची आमची काही छाती नव्हती. म्हणून बेत असा ठरला की आधी कातडीच्या डॉक्टरांकडं न्यायचं, आणि तिथं गुपचूप विसरण्याचा विषय काढायचा. मी मनाची तयारी करून गेलो. वाटलं, तासभर वाद घालावा लागेल. पण नाना लगेच उठले.

"चला. पर गयालाबी घ्या संगं."

"काकी कशाला?"

"आसू द्या. म्या इसरलो काय तर ती सांगंल."

दवाखाना छावणी भागात. डॉक्टरबाई तरुण, पण माणूस बघायची सवय असलेल्या. त्यांनी नानांची मान बघितली, काख बघितली. नानांनी लगेच बाईंचंच कोपर बघायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला. बाईंनी विचारलं, "कपडे कशानं धुता?"

"मी धुते की," काकी एकदम खुलून म्हणाल्या. "ह्यांच्या खाकीला कधी डाग ऱ्हाऊ दिला नाय. डेपोत इचारायचे, कोनत्या लाँड्रीत देता म्हनून."

बाईंनी नानांच्या शर्टाची कॉलर चिमटीत धरली. कापड पापडासारखं कडक, शिवणींत पांढरट रेघा. टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात त्यांनी शर्टाचं टोक बुडवून चोळलं. पेल्यात फेस आला. चांगला भरघोस, दाढी करता येईल एवढा.

मला हसू फुटलं. हसणारा मी एकटाच होतो.

"ह्यातला साबण निघालेलाच नाही," बाई म्हणाल्या. "धुतल्यावर खळबळायचं राहतंय."

काकींचा चेहरा पडला. "मी तर खळबळते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "खळबळते ना हो मी?"

"खळबळतीस की," नाना घाईनं म्हणाले. "डॉक्टरसायेब, तिचा काय गुना नाय. नळाला पानी येतंय धा दिसाला. आन् म्याच मागून बादलीत साबन टाकतो. इसरून."

बाई काकींकडं बघत राहिल्या. काकींनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "भाऊ, आपन इथं कशाला आलोत?" मी सांगितलं. बाई कागदावर मलमाचं नाव लिहीत होत्या तेवढ्यात काकींनी पुन्हा विचारलं, तोच प्रश्न, त्याच शब्दांत, आणि माझ्याकडं अशा बघत राहिल्या की जणू पहिल्यांदाच विचारतायत.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला.

बाईंनी काकींना वजन करायच्या निमित्तानं आतल्या खोलीत नेलं. मी आणि नाना बाहेर बाकावर बसलो.

"नाना, कधीपासून?"

नाना खाजवायचे थांबले. "दिवाळीच्या आधीपासून आसंल," ते म्हणाले. "पयल्यांदा शर्ट अंगात घातला तवाच कळलं. म्हनलो, गया, साबन ऱ्हायला बग. तर आशी रडली, आशी रडली. म्हनली, मला तेवढंबी जमंना का आता? दुसऱ्या दिशी सकाळी इस्त्री करून शर्ट हातात घिऊन हुबी. मी घालतो का नाय ते बघत. मग घातला."

"आणि रोज घालत राहिलात?"

"मंग काय करू? तिच्या हातातलं धुनं काढून घिऊ? खाजंला काय, पाला चोळला की घटकाभर भागतंय."

"भागत नव्हतं नाना. चौकटीला पाठ घासत होता तुम्ही."

"तर. लई खाज," ते म्हणाले, आणि हसले.

"दूध, किल्ल्या, साखर, सगळं तुम्ही स्वतःवर घेतलंत. पण त्यांना दाखवायला नको होतं का?"

नाना पुन्हा मान खाजवायला लागले. मग म्हणाले, "कळत व्हतं. पर तिला कोन्या तोंडानं म्हनू, चल, तुझं डोकं दाखवू? तुमी आलाव, मलाच घिऊन जायलाव म्हनल्यावर लई बरं वाटलं. म्हनलं, माझ्या नावानं का व्हईना, तिची गाडी इथवर आली."

आत डॉक्टरबाईंनी काकींशी गप्पा मारता मारता जे बघायचं ते बघितलं होतं. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांचं नाव दिलं. पुढं रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो झाला, पुण्याहून मुलगा आला आणि चार दिवस राहिला. बरं होण्यासारखं साधं कारण काही निघालं नाही. सुरुवात आहे, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं. लवकर आणलंत ते चांगलं केलंत, गोळ्या सुरू करू, दिवसाची घडी एकसारखी ठेवा, चालायला न्या, माणसांत ठेवा. आणि त्यांचं काम काढून घेऊ नका, जोडीनं करा.

हे शेवटचं नानांना इतकं पटलं की त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. या वेळी फक्त धरून ठेवला.

नानांचं अंग महिन्याभरात स्वच्छ झालं. स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळलेले कपडे, डॉक्टरबाईंचं मलम आणि आंघोळीनंतर थोडं खोबरेल, एवढ्यावर. गल्लीत ते श्रेय कोरफडीला देतात आणि शकीलभाईंकडून माल आणतात. नव्या भाडेकरूंची कोपरं रंगायला लागली आहेत.

परवा कढीपत्ता मागायला मी त्यांच्या मागच्या अंगणात गेलो. काकी दगडावर कपडे घासत होत्या. शेजारी दोन बादल्या मांडून नाना पाटावर बसले होते. काकींनी घासलेला शर्ट त्यांच्याकडं टाकला की ते एका बादलीत खळबळायचे, मग दुसरीत. त्यांना जन्मात कधी धुणं धुवायची सवय नाही. अर्धं पाणी बादलीत, अर्धं अंगावर.

काकींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. हात पदराला पुसले, नानांकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, कुनाला बोलू नका. आमच्या ह्यांच्या आताशा ध्यानात ऱ्हात नाय."

"असं?" मी म्हणालो.

"व्हय. धुतलेलं पुन्हा धुवत बसतेत, बगा ना. एकदा झालं की दुसऱ्या बादलीत. मी काय म्हनत नाय. करू देते." त्यांनी पुढचा शर्ट दगडावर ओढला. "बोललं की मानूस मनाला लावून घेतंय."

नाना हातभरावर बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. आमच्याकडं पाठ करून ते एक शर्ट पिळत होते, आणि त्यातलं पाणी कधीच संपलं होतं तरी पिळतच राहिले.