अनवाणी पिक्चर बघणारा नरसय्या

भुताच्या पिक्चरला नरसय्या चप्पल काढून बसायचा.

दिवे मंद झाले की तो वाकायचा, दोन्ही चपला काढून खुर्चीखाली सरकवायचा आणि तळपाय जमिनीवर सपाट टेकवायचा. मग पिक्चर संपेपर्यंत पाय हलायचे नाहीत. दुसऱ्या कुठल्या पिक्चरला तो असं करत नसे. मुळात दुसऱ्या कुठल्या पिक्चरला तो जातच नसे. मॉलमधल्या थेटरात एकदा बॅटरीवाल्यानं त्याला हटकलं, "काका, चपला घाला, लोक नाकाला रुमाल लावतात." नरसय्या म्हणाला, "बरोबर हाय की." आणि चपला काही घातल्या नाहीत.

गल्लीत सगळ्यांना वाटायचं, याची भुतावर भक्ती आहे. मी तर तोंडावर म्हणायचो, "नरसय्या, पडद्यापुढं नारळ पण फोडत जा की."

"बरोबर हाय की," तो म्हणायचा.

आता मी कोण ते सांगतो. मी शिवलिंग, गाव मैंदर्गी. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरी येऊन ओढून न्यायचे म्हणून. सतराव्या वर्षी सोलापुरात आलो आणि एका टॉकीजच्या दारावर उभा राहिलो, तो चाळीस वर्षं. डोअरकीपर. हातात बॅटरी आणि तोंडावर मिशी. मिशी म्हणजे कल्ल्याला जाऊन भिडलेली, वरचा ओठ पूर्ण आणि खालचा अर्धा झाकणारी. फुकटे लोक मिशी बघूनच परत फिरायचे. तिकिटाशिवाय मी कुणाला आत सोडलं नाही, मालकाच्या मेव्हण्यालाही नाही. पुढं टॉकीज बंद पडली, मिशी राहिली. एकेक पिक्चर मी शंभर-शंभर वेळा उभ्यानं बघितलाय. कोर्टातला डायलॉग म्हणा, आईच्या मरणाचा म्हणा, आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पिक्चर कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवू नये, असं माझं मत होतं. अजूनही बरंचसं आहे.

नरसय्या सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, आमच्याच गल्लीत समोरच्या घरात राहायचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी. जन्म चादरीच्या कारखान्यात लूमपुढं उभं राहून गेला. अंगानं काडी, पण आवाज कारखान्यातला. "चहा सांग" म्हणाला तरी भांडण लागल्यासारखं वाटायचं. पेपर हातात आला की सरळ सिनेमाच्या पानावर जायचा आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचा.

रोज सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या मल्लूच्या हॉटेलात चहाला बसायचो. माझ्या शेजारी तो कधी बसला नाही. स्टूल ओढून समोर बसायचा, बरोबर ट्यूबच्या उजेडात मला ठेवून, आणि माझ्या तोंडाकडं टक लावायचा. मला वाटायचं, मिशीचा मान आहे. पण दर आठ-पंधरा दिवसांनी त्याचं एक ठरलेलं असायचं. खिशातून सूत तोडायची छोटी कात्री काढून टेबलावर ठेवायचा.

"शिवण्णा, मिशी कमी कर की जरा. बाजूची राहू दे. ओठावरची तेवढी काढ. दोन मिन्टाचं काम हाय."

"तुझी उगवली न्हाय म्हणून माझी कापतो व्हय रं?"

"बरोबर हाय की," म्हणून कात्री परत खिशात.

आमचा वाद एकच. मी म्हणायचो, भुताचा पिक्चर हा पिक्चरच नव्हे. गोष्ट नाही, गाणं नाही, डायलॉग नाही. मधेच एक तोंड वाकडं केलेली बाई अंगावर येते, बस्स. नुसता दचका. दचकायचं असेल तर घरात विजेचं उघडं बटण आहे. हे मी बोललो की नरसय्या ढिम्म. मग तुळतुळीत दाढी केलेला मल्लू काउंटरवरून आगीत तेल ओतायचा, "नरसय्या, शिवण्णा म्हणतोय तुझे पिक्चर म्हणजे नुसता दचका!" तेव्हा कुठं तो पेटायचा. मला याचा राग यायचा. मी बोललेलं भिंतीला, आणि मल्लूनं तेच म्हटलं की उत्तर!

"रडवायला काय लागतंय? कांदा पण रडवतोय," नरसय्या सुरू व्हायचा. "भ्या घालून दाव की! आन् मी जुन्या भुताचं बोलत न्हाय. ते रबराचं तोंड, हिरवा लाईट, धूर, ते सोड. आत्ताचे पिक्चर बघ. आत्ता भूत दावतच न्हाईत. दार दावतात. नुसतं दार. जरा उघडं."

"दार बघायला मी कशाला जाऊ? चाळीस वर्षं दारच राखलंय."

हॉटेल हसायचं. मल्लूनं ते परत सांगितलं की नरसय्याही हसायचा आणि बोट उचलायचा. "तुझ्या पिक्चरात लोक काय करतात? शेंगा खातात. आई मरतीया आन् हे शेंगा खातात. माझ्या पिक्चरात शेंग हातात राहती. मग कुटला पिक्चर मोठा? पण बक्षीस कुणाला? रडक्याला. भुताला कोण हार घालतंय का?"

खरं सांगायचं तर शेंगांचं त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. आमच्या टॉकीजला भुताचा पिक्चर लागला की झाडूवाली खूश असायची, टरफलंच पडायची नाहीत. हे मी डोळ्यांनी बघितलेलं. पण नरसय्याला कधी बोललो नाही. हरल्यासारखं झालं असतं.

वादात मागं पडायला लागलो की मी नकला काढायचो. नकला मी चांगल्या करतो. टॉकीजचा मॅनेजर, बाल्कनीत घोरणारा वकील. सगळ्यात चालणारी नक्कल म्हणजे नाक्यावरच्या बहिऱ्या शेंगावाल्याची. कानामागं पंजा धरायचा, मान वाकडी करायची, "आँ? आँ?" हॉटेल लोळायचं. नरसय्याही हसायचा, पण सगळ्यांच्या मागून, जरा उशिरानं.

"एकदा ये की माझ्यासंगं," हे तो वर्षानुवर्षं म्हणत होता. गेल्या उन्हाळ्यात त्यानं दोन तिकिटं आणून पुढ्यात ठेवली. मी गेलो. पिक्चर बघायला नाही, त्याला हरवायला.

बाराचा शो. बाहेर सोलापूरचं ऊन, आत गारवा. नरसय्यानं चपला काढल्या, पाय टेकवले, हात मांडीवर ठेवले. मी त्याच्या कानाशी सुरू केलं. हे काय, गाणं नाही? ही बाई एकटी का राहते, हिला माहेर नाही का? तो पडद्यावरून नजर हलवेना. माझ्या बोलण्याला "हूं" सुद्धा नाही. मी आतून तापत गेलो.

मग तो सीन आला. बाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी. मागचं दार जरासं उघडं. बास, एवढंच. आवाज बंद. सगळं थेटर श्वास धरून बसलेलं. पुढच्या रांगेतल्या बाईचा हात पॉपकॉर्नच्या डब्यात तसाच थांबलेला. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मानेवर काटा आला होता. त्याचाच मला राग आला. डोअरकीपरच्या आवाजात मी ओरडलो, "अगं बाई, दार लाव की, माशा येतील!"

थेटर फुटलं. शिट्ट्या, टाळ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "डास पण!" परत हशा.

नरसय्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. त्यानं लोकांकडं बघितलं. आधी पुढं, मग मान वळवून मागं. हलणारे खांदे, उघडी तोंडं, माझ्याकडं वळलेल्या माना. पडद्यावर दार तसंच उघडं आणि माणसं हसतायत, हे त्याला कळेना. मग वाकला, चपला पायात घातल्या आणि उठून चालू लागला. पिक्चर अर्धा बाकी होता.

बाहेर उन्हात त्यानं विचारलं, "काय बोललास तू?"

मी सांगितलं. थोडं अभिमानानंच.

"परत सांग."

परत सांगितलं. तो माझ्या मिशीकडं बघत होता.

"शिवण्णा, परत सांग."

मला वाटलं, हा माझी उलटतपासणी घेतोय. "मी काय तुझा नोकर हाय व्हय?" म्हणालो आणि रिक्षा पकडून घरी आलो.

चार महिने आम्ही बोललो नाही. मी मल्लूच्या हॉटेलात उशिरा जायला लागलो. कारखाना बंद झाला होता, पोरगा भिवंडीला लूमवर होता, त्यानं बापाला तिकडं बोलावलं. जायच्या दिवशी सकाळी नरसय्या माझ्या दारात आला. मी आत पेपर वाचत बसलो होतो. त्याची चाहूल लागली तसा मी पेपर आणखी वर धरला. तो उंबऱ्याशीच उभा राहिला. शेवटी मलाच राहवेना. पेपराआडूनच म्हटलं, "जा सुखानं. तब्येत सांभाळ." एवढं बोलायला मला काय लागलं ते माझं मला ठाऊक. वाटलं, आता तो आत येईल, समोर बसेल. तो आणखी थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मी म्हटलं, बघा किती माज!

आठवड्यानं त्याची लेक रेणुका आली. ती पलीकडच्याच गल्लीत दिलीय. तिनं कागदात गुंडाळलेली ती छोटी कात्री माझ्या हातात ठेवली.

"नायनांनी तुमाला द्या म्हटलंय."

बापाला ती नायना म्हणते. मी म्हटलं, "जाता जाता पण माझी मिशीच दिसली व्हय त्याला?"

ती हसली नाही. "काका, तुमाला खरंच म्हाईत न्हाय? नायनांना ऐकू येत न्हाय. धा-बारा वर्षं झाली. लूमनं खाल्ले कान."

"माझ्याशी तर रोज बोलायचा!"

"ओठ बघून. कारखान्यात सगळे तसंच बोलतात, त्या खटखटीत ऐकू कुटं येतंय? सगळ्यांचं कळतंय त्यांना. तुमचं तेवढं..." माझ्या तोंडाकडं बघून ती थांबली. "कळलं न्हाय की 'बरोबर हाय की' म्हणतात. घरी बी तसंच. 'बरोबर हाय की' म्हणाले की आमी समजतो, काय पोचलं न्हाय."

मी खाली बसलो. माझं आयुष्यभराचं बोलणं आठवायला लागलो आणि मधेच सोडून दिलं. मग तो पेपर आठवला.

"आणि चपला?" मी विचारलं.

"पायातनं कळतंय की काका. लूम बिघडला की त्यांना आधी तळपायाला कळायचं. भुताच्या पिक्चरात खालनं घुमतंय, तेवढं त्यांना पोचतंय. बाकीच्या पिक्चरात नुसती बडबड, ती बी पाठमोरी." मग ती म्हणाली, "आन् ते म्हणायचे, तितं सगळी माणसं माझ्यासारखी बसत्यात. कान ताणून. काय ऐकू येतंय का, काय ऐकू येतंय का. दोन तास समदे बहिरे."

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

तिनं पदर सारखा केला. "तुमी त्या शेंगावाल्या आजोबांची नक्कल लई भारी करता, म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी आरशापुढं बसलो आणि ओठावरची मिशी त्याच कात्रीनं काढली. दोन मिनिटांचं काम म्हणायचा, मला अर्धा तास लागला. मग एकटाच बाराच्या शोला गेलो. चपला काढल्या. पिक्चर आवडला असं नाही, भूत कामचुकार होतं. पण एका सीनला सगळं थेटर गप्प झालं आणि तळपायाखालून काहीतरी घुमत वर आलं, पोटरीपर्यंत. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी डाव्या-उजव्या बाजूला बघितलं. सगळे कान ताणून बसलेले. कुणी ओरडलं नाही. कुणी ओरडलं असतं, तर मी त्याला बाहेर काढला असता.

घरी आलो आणि रेणुकाला बोलावलं. म्हटलं, तोंड दिसतं तसला फोन लाव. मी दारात खुर्ची टाकून बसलो. तिनं मोबाईल पुढं धरला. नरसय्या दिसला. आणखी बारीक झालाय.

मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोललो. "नरसय्या. तुझे पिक्चर खरे पिक्चर हायत. थेटरात लोकांना मीच हसवलं. माझं चुकलं." हा शेवटचा शब्द मालकालाही कधी ऐकवला नव्हता.

तो फोनच्या जवळ आला. डोळे बारीक केले. मग तोंडभर हसला.

"बरोबर हाय की," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर रेणुका हळूच म्हणाली, "काका, तुमी उजेडाकडं पाठ करून बसलात. तिकडं नुसता अंधार दिसला असंल."

चाळीस वर्षांची सवय. दारात, उजेडाकडं पाठ करून.

"परत लावू का?"

मी तोंड उघडलं, पण तो शब्द दुसऱ्यांदा बाहेर येईना. "नको," म्हटलं. "लिहून धाडतो. बोट ठेवून वाचतो तो."