रकानेकाकांचा फॉर्म

वाचनालयात नवा संगणक आला आणि त्याच्याबरोबर एक फॉर्म आला. मी कोण? मला काय येतं? काय येत नाही? मी कधी बंद असतो? बिघाड झाल्यास कोणाला कळवावं? संगणकाला स्वतःबद्दल काय माहीत असावं, ते त्यात भरायचं होतं. तंत्रज्ञाने हे फोनवर ग्रंथपालबाईंना नीट समजावलं. फॉर्म मात्र गेला लेखनिकाकडे.

लेखनिकाला सगळे रकानेकाका म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. 'मी' दिसल्यावर त्यांना वाटलं, कर्मचाऱ्यांची माहिती मागवली आहे. त्यांनी सगळं खरं खरं लिहून पाठवून दिलं.

सोमवारी एका आजोबांनी संगणकाला विचारलं, "बागकामाची पुस्तकं कुठे आहेत?"

पडद्यावर उत्तर उमटलं, 'मला वस्तू सापडत नाहीत. आधी हिला विचारायचो.'

"ही कोण?" आजोबा म्हणाले.

काकांच्या हातातला शिक्का हातातच राहिला.

दोन वाजता पडदा काळा झाला. त्यावर दोनच ओळी होत्या. 'दोन ते तीन मी बंद असतो. डोळे उघडे असतात, पण काम सांगू नये.'

"अहो काका, हा संगणक आणलाय की जावई?" ग्रंथपालबाई कडाडल्या.

'मोठ्याने बोललं की मी ऐकल्यासारखं करतो,' पडद्याने कळवलं.

तंत्रज्ञ धावत आला. इकडे तिकडे ठोकून पाहून म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. आपण सांगतो तेवढंच त्याला स्वतःबद्दल ठाऊक असतं. हे लिहिलं कुणी?"

काका टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. तेवढ्यात दर सोमवारसारखी त्यांची मुलगी पुस्तक बदलायला आली.

"बिघाडाचा रकाना बघू," म्हणत तंत्रज्ञाने मोठ्याने वाचलं, "'मुलीला कळवू नये. तिला वाटतं, माझं ठीक चाललंय.'"

वाचनालयात नेहमीच शांतता असे. आता ती ऐकू येऊ लागली. काकांना टेबलाखालून वर यावंसं वाटेना. पण गुडघा दुखायला लागला, तेव्हा यावंच लागलं.

"बाबा, रोज दोन भाज्या करतो म्हणून सांगता ना मला?"

"करतो की." काका शिक्क्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे एकच करतो. दोनदा खातो."

मुलगी हसली नाही. तंत्रज्ञाला म्हणाली, "दादा, तिथे माझा नंबर घाला."

त्याने घातला. बाकीचे रकाने पुसून नीट भरले आणि तो गेला.

गुरुवारी प्रिंटरचे कागद संपले. संगणकाने इमानदारीत बिघाड कळवला. मिनिटभरात काकांचा फोन वाजला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं. कागद संपलेत."

"आणि जेवलात का?"

काका प्रिंटरचा रिकामा ट्रे आत-बाहेर करू लागले.

"डबा घेऊन येते," ती म्हणाली.

पुढे त्या वाचनालयात कागद फार वेळा संपू लागले. "काल तर गठ्ठा दिला होता!" बाई नवल करत. काका मान खाली घालून शिक्के मारत राहत. गठ्ठा त्यांच्या खणात असे.