शिमग्याला सांगणारे नाखवा

वीज गेली की आमच्या रिसॉर्टमध्ये जनरेटरच्या आधी नाखवांचा आवाज सुरू होतो. "शिमग्याला सांगितलं व्हतं काय?" असं ते थेट विजेच्या खांबाला विचारतात. पाहुणे एक दिवस आधी निघाले, स्वयंपाकघरातलं मीठ संपलं, तरी सवाल हाच. नवीन पाहुण्यांना वाटतं, माणूस जरा सटकलेला आहे. जुन्यांना खात्री आहे.

जनार्दन नाखवा किहीमच्या आमच्या रिसॉर्टवर वॉचमन, आणि मी रिसेप्शनवर. पूर्वी त्यांची मासेमारीची होडी होती. पुढच्या हंगामाला एखादा खलाशी नको असेल, तर त्याला शिमग्यालाच, सगळ्यांसमोर सांगायचं, म्हणजे पावसाळ्यापर्यंत तो दुसरी होडी शोधेल, ही त्यांची रीत. होडी विकली, पण रीत काही सुटली नाही.

आम्ही सगळे एजन्सीमार्फत कामाला. नाताळच्या तोंडावर एजन्सीने नवा करार पाठवला. आम्ही काम सोडलं तर तीन महिने आधी कळवायचं, नाहीतर शेवटचा पगार विसरायचा. एजन्सीला मात्र कोणालाही, कधीही, कारण न देता, मोबाइलवर मेसेज टाकून काढता येणार. जेवायची वेळ झाली होती म्हणून आम्ही भराभर सह्यांना रांग लावली. पहिला नंबर नाखवांचा. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, पेन स्वतःच्या खिशाला लावलं आणि तिथेच ठाण मांडलं.

"आमी जायचं तर तीन म्हयने, आनी त्यांनी हाकलायचं तर नुसतं टिंग? मी सही करनार न्हाय. तुमी पन करू नका."

"नाखवा, पेन तरी द्या," मी म्हटलं. आमच्यात एकच पेन होतं.

खोल्यांची साफसफाई करणारी सुलभा कळवळून म्हणाली, "तुमचं एकट्याचं पोट हाय, नाखवा. माझ्या घरात चार तोंडं हायेत."

"म्हनून तर सांगतंय. सांजच्याला टिंग झालं तर सकाळी त्या तोंडांना काय घालशील?"

सुलभा रांग सोडून नाखवांशेजारी खाली बसली. मग आचारी बसला. मीही बसले. धैर्य वगैरे काही नव्हतं, मला त्या कराराचा खरोखर संताप आला होता.

रिसॉर्ट पाहुण्यांनी भरलेलं, आणि आयत्या वेळी दुसरी माणसं कुठून आणणार? एजन्सीचे साहेब धावत आले. नाखवांनी त्यांना फाटकाजवळ खुर्ची दिली आणि शिमग्याला सांगितलेल्या प्रत्येक खलाशाची कथा नावासकट ऐकवली. साहेबांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. शेवटी त्यांनी मान्य केलं, की दोन्ही बाजूंना एक महिन्याची मुदत, आणि कारण लेखी. मग आम्ही सह्या केल्या.

सुट्ट्यांची गर्दी ओसरली आणि पहिली नोटीस आली ती नाखवांनाच. कारण लिहिलं होतं, वय.

हा माणूस तो कागद घेऊन स्वयंपाकघरापासून धोबीखोलीपर्यंत मिरवत फिरला. "बघा, लेखी हाय! म्हयनाभर आधी!"

माझं डोकं फिरलं. "अहो, तुम्हालाच काढलंय त्यांनी! आनंद कसला करताय?"

"कळतंय पोरी मना," नाखवा हळूच म्हणाले. "घरात कोन हाय माझं? दार उघडलं की भिताडं. बोलायचं ते हितंच, तुमच्यासंगती. मेसेज आला असता तर त्याच सांजेला सगळं संपलं असतं. आता म्हयनाभर तरी तुमी हाव ना."

त्या संध्याकाळी सुलभाने माझ्याकडे कोरा कागद मागितला आणि समोर उभी राहून मजकूर सांगितला. नाखवांची मुदत संपेल त्या दिवशी आम्हीही काम सोडतो आहोत, आणि कारण लेखी द्यायचं म्हणून लिहितो की नाखवा आमचे आहेत. आचाऱ्याने पीठ भरलेल्या हाताने सही केली. मीही केली.

आम्ही तो कागद साहेबांना पाठवायच्या आधी नाखवांना वाचायला दिला. "येडी झाली काय रं सगळी?" एवढंच ते ओरडू शकले. मग फाटकाला पाठ लावून लहान पोरासारखे रडले, आणि आम्ही कागद पाठवून दिला.